स्वस्तातला ‘आय-सेव्हन’ घेऊ नका

डिप्लोमाला गेलेल्या पोरासाठी कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायचा म्हटलं की नालासोपारा-विरारकडे एक सल्ला हमखास मिळतो : ‘प्रोसेसर आय-सेव्हन घ्या, बोर्ड कुठलाही चालेल.’ काटकसर करून पैसे जमवलेल्या आईवडिलांना तो पटतोही, कारण सात हा आकडा तीन-पाचापेक्षा मोठा. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. ज्यांना पैसे वाया घालवणं परवडत नाही, नेमके तेच त्यात फसतात.

स्वस्तात मिळणारा हा आय-सेव्हन असतो कुठला? बहुधा ३७७०. इंटेलच्या या क्रमांकातले शेवटचे तीन आकडे झाकले की उरते ती पिढी : ३७७० म्हणजे तिसरी, सन २०१२ची. १२१०० हा आय-थ्री बाराव्या पिढीचा, २०२२चा. दोघांतही चार कोअर, आठ थ्रेड. पण नव्याचा एकेक कोअर जुन्यापेक्षा कितीतरी चपळ, म्हणजे ‘सात’वर ‘तीन’ सरळ मात करतो. जुन्याला रॅम लागते डीडीआर-३, जी नव्या बोर्डांत बसत नाही. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरात असं मशीन आधीपासून असेल तर एसएसडी टाकून, लिनक्स घालून खुशाल वापरा. पण आज त्यासाठी पदरचे पैसे मोजू नका.

‘बोर्ड कुठलाही चालेल’ हेही खरं नाही. चौदाव्या पिढीचा आय-सेव्हन १४७०० पूर्ण जोरात २१९ वॅटपर्यंत वीज ओढतो. ती पुरवणारे भाग बोर्डावर, प्रोसेसर बसतो त्या सॉकेटशेजारी असतात. एच-६१० चिपसेटच्या हलक्या बोर्डावर बऱ्याचदा त्यांच्यावर हीटसिंकही नसतो. ते तापले की प्रोसेसरचा वेग आपोआप उतरतो, म्हणजे पैसे सातचे आणि काम पाचाचं.

याच्या उलट टोकाचा सल्ला असतो : ‘पुढचा विचार करा, महागडा झेड बोर्ड घ्या.’ झेड चिपसेटचा मुख्य फायदा ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवण्याचा, आणि ते ‘के’ अक्षराच्या प्रोसेसरवरच होतं. शिवाय इंटेलचा एलजीए-१७०० सॉकेट चौदाव्या पिढीपाशी थांबला. २०२४मध्ये नवा सॉकेट आला. तेव्हा पुढची सोय बोर्डाच्या किमतीत शोधू नका, सॉकेटमध्ये शोधा. एएमडीच्या एएम-४चे २०१७चे अनेक बोर्ड बायोस अपडेटनंतर रायझन ५००० मालिका चालवतात. एएम-५ला २०२७पर्यंत आणि पुढेही साथ देण्याचं एएमडीचं आश्वासन आहे. त्याला डीडीआर-५ रॅमच लागते.

म्हणून माझं मत असं. अभ्यास, टॅली, प्रोग्रॅमिंग यांसाठी आय-थ्री १२१०० आणि एच-६१०, किंवा रायझन ५६००जी आणि बी-४५० अथवा बी-५५०, भरपूर झालं. ५६००पुढे ‘जी’ अक्षर बघाच : साध्या ५६००मध्ये ग्राफिक्स नसतं, इंटेलच्या ‘एफ’मध्येही नसतं, आणि मग वेगळं कार्ड गळ्यात पडतं. वाचलेले पैसे सोळा जीबी रॅम, एसएसडी आणि चांगल्या एसएमपीएसला लावा. यूपीएसही घ्या, पावसाळ्यात वीज कशी जाते-येते ते वसई-विरारकरांना सांगायला नको. व्हिडिओ एडिटिंग हाच पोटापाण्याचा धंदा असेल तरच आय-फाइव्ह १२४०० आणि बी-७६०, किंवा एएम-५वर रायझन ७६०० आणि बी-६५०कडे वळा.

एच-६१० आणि बी-७६० बोर्ड डीडीआर-४ आणि डीडीआर-५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून चुकीचा बोर्ड घरी आणलात तर तो बदलायला पुन्हा ग्रँट रोड स्टेशन गाठायचं. दिवसाचा खाडा होतो तो वेगळाच.

तेव्हा दुकानात ‘आय-सेव्हन आहे का?’ असं विचारू नका. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, बोर्डाचा चिपसेट आणि रॅमचा प्रकार कागदावर लिहून न्या, आणि सीरियल नंबर टाकलेलं पक्कं जीएसटी बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.