ओलं किती वेळ राहिलं?

एप्रिल-मे महिन्यांत अर्धापूर परिसरात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हाळ्यातही अंथरुणाला खिळलेली आजी तांब्याकडे बघते आणि पाणी नको म्हणते. तहान असतेच. पण प्यायलं की लघवी होणार, मावशींना हाक मारावी लागणार आणि त्या येईपर्यंत ओल्यात पडून राहावं लागणार, हा हिशेब तिनं मनाशी केलेला असतो. मग लघवी दाट होते, जळजळ सुरू होते, मूत्रमार्गात संसर्ग होतो. आजी एके दिवशी असंबद्ध बोलू लागली की आपण म्हणतो, वय झालं.

वृद्धाश्रमात किंवा घरोघरी शुश्रूषा करणाऱ्या आमच्या वाचकांना या अंकात एकच विनंती आहे. नोंदवहीत नुसतं ‘स्वच्छता केली’ असं लिहू नका. ओलं कधी लक्षात आलं आणि कोरडं कधी केलं, या दोन्ही वेळा लिहा. सकाळी ६, दुपारी २, रात्री ८ अशा डायपर बदलायच्या वेळा ठरवून ठेवल्या, तरी शरीर त्या पाळत नाही. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार होऊन ती आम्लता जाते; त्यात शौच मिसळलं की त्यातली विकरं कातडी सोलून काढतात. अशा कातडीवर माकडहाडाचा दाब पडत राहिला, तर शय्याव्रण व्हायला फार दिवस लागत नाहीत. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर सुरुवातीची लाली डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून कूस बदलताना हात लावून बघा. व्रण होऊ घातलेला भाग आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरा लागतो. साबणानं घासू नका. कोमट पाण्यानं पुसा, टिपून कोरडं करा, झिंकचं मलम पातळ लावा. बायकांना पुसताना हात नेहमी पुढून मागे न्या.

तोंडाची स्वच्छता तर आपण उरल्या वेळात करतो. जपानमधल्या ११ नर्सिंग होममध्ये झालेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. जेवणानंतर ज्यांचं तोंड नेमानं स्वच्छ केलं जाई, त्यांच्यातल्या ११ टक्के लोकांना दोन वर्षांत न्यूमोनिया झाला. इतरांमध्ये हे प्रमाण १९ टक्के होतं. कवळी रात्री काढून ठेवा, हे तोंडाच्या स्वच्छतेतच आलं.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्यात, प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम असावा, असं म्हटलं आहे. जागांचा आकडा ठरला, पण रात्री हाकेला कोण येणार? ‘स्वतःचं स्वतः करता येतं’ या अटीवर आत आलेली माणसं तिथेच म्हातारी होतात, तिथेच पडून राहू लागतात. मनुष्यबळ मात्र पूर्वीइतकंच असतं. वहीतल्या त्या दोन वेळांमधलं अंतर मध्यरात्रीनंतर वाढलेलं दिसलं, तर मावशींना बोल लावू नका. ती वही घेऊन विश्वस्तांकडे जा आणि रात्रपाळीला दुसरी मावशी मागा.