पाना लेकीच्याही हातात द्या

रिमोटच्या मोठ्या ट्रकचं वेड घरात शिरलं की 'चाकं वळत नाहीत' ही कुरकुर ठरलेली. मग बाबा नि मुलगा महागडी सर्व्हो मोटर मागवतात, लेक नुसती बघत बसते. का म्हणून? शिलाई मशीनचा ताण आपण बायकाच जुळवतो ना! मैत्रिणींनो, तिलाच सांगा, ट्रक बंद करून पुढची चाकं हलक्या हातानं हलवून बघ. सांधे ढिले असतील तर ताकदीची मोटर तरी काय करणार? धक्का झेलणारी 'सर्व्हो सेव्हर'ची स्प्रिंग मऊ पडली तरी जड चाकं जागच्या जागी वळत नाहीत. ती घट्ट करावी, पण पार आवळू नये. दगडाचा दणका थेट मोटरच्या दात्यांवर बसतो. मोटर घ्यायचीच तर धातूच्या दात्यांची घ्या. तिला लागेल तेवढं व्होल्टेज ट्रक देतो का, हे मात्र आधी बघा.