वेरूळ ते वाळूज : स्थलांतराचा जमाखर्च

वेरूळच्या परिसराला स्थलांतर नवे नाही. येथून जवळच असलेल्या देवगिरीवर १३२७ मध्ये महंमद तुघलकाने आपली राजधानी हलवली. सुलतानाच्या हुकमाने दिल्लीची माणसे दख्खनेत आली आणि काही वर्षांतच त्यांना परतीची वाट धरावी लागली. याच वेरूळची पाटीलकी सांभाळणाऱ्या भोसले घराण्याने पुढे निराळा धडा घालून दिला. मालोजीराजे आपल्या कर्तृत्वाला क्षेत्र शोधीत बाहेर पडले, पुणे-सुप्याची जहागीर घराण्याकडे आली. परंतु घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार करायला ते विसरले नाहीत. एक स्थलांतर हुकमाचे होते, दुसरे विचाराचे. आज वेरूळ, खुलताबाद, कन्नड या पट्ट्यातील घराघरात रात्रीच्या जेवणानंतर जी चर्चा चालते, तिचा विषयही तोच आहे : गाव सोडून वाळूजला बिऱ्हाड करावे की येथेच राहावे?

हा प्रश्न भावनेच्या भरात सोडवण्यासारखा नाही. गावातून जाणाऱ्याला करंटा म्हणणे सोपे आहे आणि राहणाऱ्याला मागासलेला म्हणणे त्याहून सोपे. दोन्ही अन्यायाचे आहे.

जाण्याच्या बाजूने बोलणारी कारणे खरी आहेत. वाटण्यांनी तुकडे झालेली कोरडवाहू शेती दोन भावांचे संसार चालवू शकत नाही. वेरूळला पर्यटनाचा आधार आहे. चौतीस लेण्यांचा हा समूह १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे, श्रावणात आणि महाशिवरात्रीला भाविकांचा लोंढा असतो. पण हा रोजगार हंगामी आहे. २०२० मधील टाळेबंदीत लेणी कित्येक महिने बंद राहिली, तेव्हा वाटाड्यांच्या, दुकानदारांच्या आणि हॉटेलांतील कामगारांच्या चुली कशा पेटल्या, हे त्यांनाच ठाऊक. उलट १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाल्यापासून वाळूजच्या औद्योगिक वसाहतीने मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांना दरमहा पगाराची शाश्वती दाखवली. मुलीला दहावीनंतर शिकवायचे असेल, म्हाताऱ्या वडिलांना ‘घाटी’ रुग्णालयात वारंवार न्यावे लागत असेल, तर शहराची जवळीक ही चैन नसून गरज आहे. मुलीचे शिक्षण केवळ बसच्या वेळेपायी थांबत असेल, तर त्या घराने गाव सोडण्याचा विचार अवश्य करावा.

आता खर्चाची बाजू पाहू. १९७१ च्या जनगणनेत दीड लाखाच्या आसपास असलेले संभाजीनगर २०११ मध्ये पावणेबारा लाखांवर गेले. शहर फुगले, सोयी त्या गतीने वाढल्या नाहीत. पैठणचा नाथसागर जवळ असूनही या शहरातील नळांना कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येण्याचा अनुभव नागरिकांनी वर्षानुवर्षे घेतला. १,६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणीयोजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. पुढे तिचा खर्चही वाढत गेला. उपनगरांची कहाणी तर याहून कठीण. रांजणगाव शेणपुंजी किंवा वडगाव कोल्हाटी येथे वस्ती शहरासारखी दाटली, पण तिचा भार कित्येक वर्षे ग्रामपंचायतींनीच वाहिला. गावात विहिरीवरून पाणी आणणारी गृहिणी येथे टँकरची वाट पाहत बसते. कष्ट तेच राहतात, केवळ जागा बदलते.

दुसरा धोका जागेचा. गावाकडचे अर्धा एकर रान विकून, मुद्रांकावरच्या साध्या लिखापढीवर वीस बाय तीसचा प्लॉट घेणारी कुटुंबे थोडी नाहीत. गुंठेवारीच्या अशा वसाहतींना नियमित करण्यासाठी २००१ मध्ये कायदा करावा लागला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवावी लागली. शासनाला पुन:पुन्हा सवलत द्यावी लागते, याचाच अर्थ सामान्य माणूस पुन:पुन्हा फसतो आहे. पिढीजात जमीन कायमची जाते आणि हाती येतो तो संशयास्पद कागद.

तिसरी हानी पैशात मोजता येत नाही. गावात म्हातारी एकटी असली तरी शेजारची सून तिला भाकरी नेऊन देते. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात तिच्या वाट्याला दिवसभर बंद दार येते. टाळेबंदीत वाळूजचे अनेक कामगार आपापल्या गावी परतले ते या आधाराच्या भरवशावरच. ज्यांचे गाव शेकडो कोस दूर होते, त्यांपैकी मध्य प्रदेशातील सोळा मजूर ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली सापडले. परतायला जवळ घर असणे म्हणजे काय, हे त्या पहाटेने महाराष्ट्राला शिकवले.

मग निर्णय कसा करावा? आमचे मत स्पष्ट आहे : जाणे चूक नाही, दोर कापून जाणे चूक आहे. नोकरी कंत्राटी असेल तर आधी एकट्याने जावे, बिऱ्हाड नंतर हलवावे. वेरूळ शहरापासून तीस किलोमीटरवर आहे. दौलताबादच्या अरुंद दरवाजातील कोंडी सोसूनही ये-जा जमत असेल, तर भाड्याचे आणि ये-जा खर्चाचे गणित कागदावर मांडून पाहावे. प्लॉट घेण्यापूर्वी सातबारा, अकृषिक परवानगी आणि मंजूर रेखांकन जाणत्या माणसाला दाखवावे. पाणी कोठून आणि किती दिवसांनी येते, हे विकणाऱ्याला न विचारता त्या गल्लीतील बाईला विचारावे. जमीन विकून घर घेण्याचा मोह टाळावा. आणि ज्यांच्या आयुष्यावर या निर्णयाचा सर्वांत मोठा परिणाम होणार, त्या घरातील स्त्रीचे आणि वृद्धांचे मत शेवटी नव्हे, प्रथम घ्यावे.

जे गेले आहेत त्यांच्यावरही एक जबाबदारी आहे. वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरात आषाढीला जी गर्दी लोटते, ती सांगते की उपनगरातील माणूस एकत्र येऊ शकतो. ही एकी वर्षातून एक दिवस दिसून भागणार नाही. गल्लीतील एकट्या म्हाताऱ्याची चौकशी, नव्याने आलेल्या कुटुंबाला कागद तपासून देणे, मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग, पाण्यासाठी एकमुखाने पाठपुरावा, एवढे चार घरांनी मनावर घेतले तरी वस्तीचे गाव होईल.

मालोजीराजांनी वेरूळ सोडले म्हणून वेरूळ लहान झाले नाही. त्यांच्या गढीचे अवशेष आजही गावात उभे आहेत. जाणाऱ्याने मागे काय ठेवले आणि नव्या जागी काय उभे केले, यावरच त्याच्या जाण्याची किंमत ठरते.