पैशाचं 'चीज' कसं कराल?

ऑलिव्ह ऑइलवर लिहिलं तेव्हापासून मित्रमंडळी मागे लागली आहेत, "आता चीजवर लिही ना!" कारण उघड आहे. क्यूब आणि स्लाइसवर वाढलेली आपली पिढी आता कमवायला लागली आहे. वीकेंडला घरी चार जण येणार असतील, तर वेफर्सच्या शेजारी काहीतरी हटके ठेवावंसं वाटतं. मग सुपरमार्केटच्या फ्रीजसमोर उभं राहिलं की हात जातो एकाच नावाकडे. गौडा! नाव ओळखीचं, रंग पिवळाधमक, ब्लू चीजसारखी बुरशीची भीती नाही. एकदम सेफ.

पण खरी गोची इथेच आहे. पाकिटावर नुसतं 'गौडा' वाचून आत काय आहे ते कळतच नाही. दोनशे ग्रॅमच्या तुकड्याला काही शे रुपये मोजायचे आणि घरी येऊन चव लागणार नेहमीच्या क्यूबसारखी, तर मग उपयोग काय? म्हणून आज या डच पाहुण्याची नीट ओळख करून घेऊ.

नाव गावाचं, माल जगाचा

आधी उच्चार. आपण म्हणतो गौडा, कर्नाटकातल्या आडनावासारखं. डच माणूस म्हणतो 'खाउदा', आणि त्यातला 'ख' अगदी घसा खरवडून! मित्रांवर इम्प्रेशन मारायचं असेल तर प्रॅक्टिस करा, नाहीतर गौडा म्हटलं तरी काम भागतं.

हे नेदरलँड्समधलं एक टुमदार शहर, रॉटरडॅम आणि उट्रेख्तच्या मध्ये. गंमत म्हणजे चीजला त्याचं नाव मिळालं ते तिथे बनायचं म्हणून नाही, तर तिथे विकलं जायचं म्हणून. आसपासची शेतकरी कुटुंबं चीज बनवून या बाजारात आणायची. १६६८ साली बांधलेलं चीजचं वजनघर तिथल्या चौकात आजही उभं आहे. वसंत ते उन्हाळ्याच्या सीझनमध्ये गुरुवारी सकाळी चीजचा बाजार भरतो. विकणारा भाव सांगतो आणि घेणाऱ्याच्या हातावर टाळी देतो, घेणारा आपला भाव सांगून टाळी परत करतो. पटेपर्यंत टाळ्या चालूच! अर्थात आता हा खेळ मुख्यतः टुरिस्टांसाठी. खरी उलाढाल केव्हाच मोठ्या डेअऱ्यांकडे गेली आहे.

आणि नावाचं काय झालं? ते साऱ्या जगाचं झालं. जर्मनीत, अमेरिकेत, न्यूझीलंडमध्ये, आपल्याकडेसुद्धा गौडा बनतं आणि त्याला गौडा म्हणण्यात बेकायदा काहीच नाही. हापूसचं दुखणं माहीत असलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. कोकणच्या हापूसला २०१८ साली जीआय मिळालं. डच मंडळींनी २०१० साली युरोपियन युनियनकडून 'गौडा हॉलंड' हे नाव राखून घेतलं. म्हणजे दूध नेदरलँड्सच्या गोठ्यांतलं आणि चीजही तिथेच बनलेलं, तिथेच मुरलेलं. नुसतं 'गौडा' मात्र सगळ्यांसाठी मोकळंच राहिलं. तेव्हा डच चीजचे पैसे मोजत असाल, तर 'हॉलंड' हा शब्द शोधायचा.

त्याहून शौकीन असाल तर 'बुरनकास' हा शब्द लक्षात ठेवा. म्हणजे शेतकऱ्याचं चीज. शेतावरच, न तापवलेल्या कच्च्या दुधापासून बनवलेलं. कारखान्यातलं गौडा दर वेळी सारखंच लागतं. हे मात्र गोठ्यागणिक, ऋतूगणिक बदलतं. या पद्धतीला २००७ पासून युरोपात संरक्षण आहे.

वय विचारायला लाजू नका

आता मेन फंडा. गौडाच्या बाबतीत नावापेक्षा वय महत्त्वाचं. एकच चीज चार आठवड्यांचं असताना लोण्यासारखं असतं आणि दीड वर्षाने टॉफीसारखं! डच लेबलवर हे वय लिहिलेलं असतं.

'योंग' म्हणजे तरुण, साधारण चार आठवड्यांचं. 'योंग बेलेखन' दोनेक महिन्यांचं. 'बेलेखन' चारेक महिन्यांचं. 'एक्स्ट्रा बेलेखन' सात-आठ महिन्यांचं. 'आउद' म्हणजे जुनं, दहा महिने ते वर्षभराचं. आणि 'ओव्हरयारिख' म्हणजे वर्ष उलटून गेलेलं, मुरलेलं म्हातारं.

असं होतं कशामुळे? गौडा बनवताना दूध विरजण आणि रेनेट घालून घट्ट करतात, मग त्याचे बारीक तुकडे करतात. पनीर करताना सुटतं तसं पाणी सुटतं. त्यातलं बरंचसं काढून टाकून त्या जागी कोमट पाणी घालतात. थोडक्यात, चीज धुतात! दुधातली साखर त्या पाण्याबरोबर निघून जाते, त्यामुळे जिवाणूंना आंबवायला कमी मिळतं. म्हणून गौडा आंबट न होता गोडसर राहतं. मग साच्यात दाबायचं, मिठाच्या पाण्यात बुडवायचं आणि फळीवर ठेवून उलटंपालटं करत मुरू द्यायचं. एक चाक साधारण बारा किलोचं. महिने जातात तसं त्यातलं पाणी उडतं, प्रथिनं तुटतात आणि चव दाट होत जाते. आपल्या लोणच्यासारखंच. घाई केली की मजा गेली.

डोळे, बोटं, जीभ

आता ओळख परेड. तरुण गौडा फिकट पिवळं, बोटाने दाबलं की दबतं, स्लाइस वाकवली तर मोडत नाही. वास दुधाचा, चव लोण्याची. मध्यम वयाचं जरा घट्ट असतं आणि खाल्ल्यावर काजू-अक्रोडाची आठवण येते. जुनं गौडा मधासारखं गडद असतं, सुरीखाली कापलं न जाता तुटतं आणि तोंडात बटरस्कॉचसारखी खारट-गोड चव रेंगाळते.

जुन्या तुकड्यात दाताखाली बारीक कण कुरकुरतील. ते मीठ नव्हे आणि चीज खराबही झालेलं नाही. प्रथिनं तुटून तयार झालेले टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचे ते खडे आहेत. म्हणजे वयाचा पुरावाच! लहान गोल भोकंही जिवाणूंच्याच कृपेने, त्यांनी सोडलेल्या वायूमुळे पडतात.

बाहेरच्या रंगावर मात्र जाऊ नका. लाल मेण दिसलं की 'ओरिजिनल डच' असा आपला समज आहे. निर्यातीचं लाल मेणातलं गोळ्यासारखं चीज बहुतेकदा एडम असतं. ते गौडाचं चुलत भावंड, फॅटला थोडं कमी. आणि तपकिरी सालीचं सॉसेजसारखं 'स्मोक्ड गौडा' बहुतेकदा वितळवून बनवलेलं प्रोसेस्ड चीज असतं. चवीला छान, पण मुरण्याची मजा त्यात शोधू नका.

लेबलवरचा '४८+' हा आकडा बघून डाएटवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. पाणी वगळून उरलेल्या भागात ४८ टक्के फॅट, असा त्याचा अर्थ. पूर्ण तुकड्याचा हिशोब केला तर तरुण गौडात ते तीस टक्क्यांच्या आसपास येतं. कमी नाही, पण निम्मंही नाही!

शाकाहारी मंडळींसाठी महत्त्वाचं. पारंपरिक डच गौडात वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. ते चालत नसेल तर लेबलवर 'मायक्रोबियल रेनेट' आणि हिरवा ठिपका बघूनच घ्या. अमूलसारख्या आपल्याकडच्या कंपन्यांचं गौडा इथे कामाला येतं. घरी कोण येणार आहे ते आधी आठवा. आजी किंवा जैन मैत्रीण येणार असेल, तर हा तपशील चवीपेक्षा मोठा आहे.

खायचं कसं?

डच लोक चीजचं फार कौतुक करत बसत नाहीत. सकाळी आणि दुपारी ब्रेडवर पातळ स्लाइस, बस्स. संध्याकाळी बिअरसोबत चौकोनी तुकडे आणि बाजूला मोहरीचा सॉस. वितळवायचं असेल तर तरुण गौडाच घ्या. ग्रिल्ड सँडविचमध्ये धमाल लागतं. जुनं मात्र वितळवून वाया घालवू नका. त्याचे लहान तुकडे तसेच खा, सोबत सफरचंद, नाशपाती किंवा अक्रोड. बिअर किंवा पोर्ट वाइनशी त्याचं छान जमतं, आणि न पिणाऱ्यांनी कडक ब्लॅक कॉफीसोबत खाऊन बघा.

ॲम्स्टेलव्हीनला नोकरी करणारी माझी एक मैत्रीण सुट्टीवर येताना जिरं घातलेलं डच चीज आणते. लायडन शहराकडची ही जुनी पद्धत. तिच्या आईने ते गरम भाकरीसोबत वाढलं आणि ताट पाच मिनिटांत रिकामं झालं. चीजबोर्ड नाही, काटा-सुरी नाही. फॉरेनची वस्तू आपल्या पानात अशी बिनबोभाट रुळली, की समजावं पैशाचं चीज झालं.

खरेदीला जाताना

• नाव नंतर, वय आधी वाचा. वय लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला विचारा.
• काउंटरवर चव देत असतील तर तरुण आणि जुनं, दोन्ही एकापाठोपाठ चाखा. फरक लगेच कळेल.
• मोठा तुकडा घेऊ नका. शंभर ग्रॅम जुनं गौडा चार जणांना पुरतं.
• खाण्याआधी अर्धा तास फ्रीजबाहेर काढा. मे महिन्यात पंधरा-वीस मिनिटं पुरेत. थंडगार चीजला चव लागत नाही.
• बाहेरचं मेण किंवा प्लास्टिकचं आवरण काढून टाका. ते खायचं नसतं.
• उरलेलं बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा. क्लिंग फिल्ममध्ये घट्ट आवळलं तर त्याला घाम फुटतो.