फोन आला, अभ्यासाचे काय?

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळांना कुलपे लागली आणि मोबाइलवरचे शिक्षण ही चैन न राहता गरज बनली. त्या वर्षीच्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पटावरच्या सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. २०१८ मध्ये हे प्रमाण साडेछत्तीस टक्के होते. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी तो पोहोचला होता. म्हणजे साधनाचा प्रश्न बव्हंशी सुटला. अभ्यासाचा मात्र सुटलेला नाही. फोन वापरता येणाऱ्या या मुलांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता. अभ्यासाशी निगडित कामासाठी वापरणारे ५७ टक्केच होते.

असे का व्हावे? माणसे नवे तंत्रज्ञान कशामुळे स्वीकारतात, याचा विश्वनाथ व्यंकटेश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेला सिद्धांत येथे उपयोगी पडतो. फायदा दिसतो का, वापर सोपा आहे का, भोवतालच्या माणसांचा आग्रह आहे का आणि पूरक सोयी आहेत का, हे त्यातले चार प्रमुख घटक.

आपल्याकडे पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, २०१७ पासून 'दीक्षा' हे व्यासपीठही उपलब्ध आहे. परंतु दहावी-बारावीची परीक्षा वही-पेनाचीच असल्याने मोबाइलवरच्या धड्याचा गुणांशी संबंध विद्यार्थ्याला सहजी दिसत नाही. शिक्षकांनी तो धडा वर्गात चर्चेला घेतला, त्यावर प्रश्न विचारले, तरच त्याला अभ्यासाचे मोल येते. नुसती लिंक गटावर धाडून ते येत नाही.

चौथी कसोटी सर्वांत कठोर आहे. घरात फोन असला तरी तो बहुधा वडिलांच्या खिशात असतो. २०२४ च्या पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६ टक्क्यांकडे, तर मुलींपैकी जेमतेम २७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलीच्या हाती फोन देताना घराला जी भीती वाटते, ती कोणत्याही ॲपने दूर होणारी नाही. त्यासाठी शाळेने पालकांशी बोलावे लागेल.

तेव्हा केवळ फोन वाटून वा ॲप काढून यशाचे ढोल वाजवण्यात अर्थ नाही. तो फोन अभ्यासासाठी कोणाच्या हाती, किती वेळ आणि कोणाच्या मार्गदर्शनाखाली राहतो, याचा हिशेब शिक्षण खात्याने आता मांडायला हवा.