पातेल्याआधी काय?

कोंबडी नीट शिजवून खा, असे २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि पुण्याचे पालकमंत्री अजित पवार डॉक्टरांच्या हवाल्याने सांगत होते. तेव्हा पुण्यात गुलेन-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराच्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या घरात गेला, माणसे दगावली, काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. आणि सरकारने बोट दाखवले ते घरातल्या गॅसकडे. खडकवासला परिसरातल्या पाण्याचा दोष पालिकेने निस्तरावा, तो विषय वेगळा. पण कोंबडीचे नाव निघालेच आहे, तर ती कापली जाते तिथेही कोणीतरी डोकावावे.

सल्ला चूक नाही, अर्धवट आहे. मराठी घरात अर्धकच्चा रस्सा खातो कोण? आपल्याकडे मांस हाडापासून सुटेपर्यंत पातेले रटरटत असते. जंतू मरतो पातेल्यात, पण पसरतो त्याआधीच: दुकानातल्या सुऱ्यावरून, ओंडक्यावरून, बादलीतल्या पाण्यातून. घरी आणल्यावर आपण तेच मांस नळाखाली खळखळून धुतो आणि शिंतोडे शेजारी चिरून ठेवलेल्या काकडीवर उडतात. रस्सा कितीही उकळा, कोशिंबीर कोणी उकळत नाही.

शहराला कोंबडी पुरवणाऱ्या शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांत ब्रॉयलरच्या शेडवर आज बरीच घरे चालतात. हा जंतू कोंबडीच्या आतड्यात मुक्काम करतो आणि तिला बहुधा काही होत नाही. त्यामुळे शेतकऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. म्हणूनच कापण्याआधी आठ-बारा तास पक्षी उपाशी ठेवायचा असतो, म्हणजे आतडे रिकामे राहते आणि फाटले तरी घाण मांसाला लागत नाही. पण उपाशी पक्षी वजनात घटतो आणि सौदा होतो जिवंत वजनावर. मग पदरचे खर्चून शहाणपणा कोण करणार?

शिक्रापूर, यवत, पाटस, कोठल्याही नाक्यावर रविवारी सकाळी उभे राहा. जाळीत दाटीने कोंबलेले पक्षी, खाली विष्ठा, हातभर अंतरावर कापणी. मान कापून पक्षी ड्रममध्ये टाकायचा, तो निपचित पडला की त्याच ओंडक्यावर सोलायचा. ज्या हाताने आतडी ओढली, त्याच हाताने कलेजी-पेटा वेगळा करायचा, नोटा घ्यायच्या आणि सुटे द्यायचे. सुरा पुसायला एकच फडके. बादलीतले पाणी गिऱ्हाईकागणिक लाल होत जाते आणि बदलले जाते ते फारच घट्ट झाल्यावर. पिसे-आतड्यांची पोती रात्री ओढ्याकाठी जातात, पुढचे काम कुत्री करतात.

कायदा नाही, अशी सबब चालणार नाही. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, परवाना-नोंदणीचे नियम २०११ चे. दिवसाला पन्नासपर्यंत पक्षी कापणाऱ्याला नोंदणी, त्यापुढे परवाना. रविवारी दहाच्या आत पन्नाशी ओलांडणाऱ्या दुकानांना हे कोणी विचारते का? अन्न व औषध प्रशासन नगरपरिषदेकडे बोट दाखवते, नगरपरिषद पशुसंवर्धनाकडे, पशुसंवर्धन म्हणते आमचे काम पक्षी जिवंत असेपर्यंत. ग्रामपंचायतीला तर गाळ्याच्या भाड्यापलीकडे काही दिसतच नाही.

यंत्रणा हलूच शकत नाही, असेही नाही. जानेवारी २०२१ मध्ये दौंड तालुक्यातल्या बोरीबेलला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा सरकारी यंत्रणा खडबडून जागी झाली होती. पक्ष्याच्या आजाराला इतकी धावपळ; त्याच पक्ष्याच्या मांसातून माणसाला होऊ शकणाऱ्या आजाराला फक्त सूचना. पाणी उकळा, कोंबडी शिजवा. नागरिकाने काय करावे याची सरकारी यादी संपत नाही आणि सरकारने काय करावे याची सुरूच होत नाही.

गरीब दुकानदाराच्या पोटावर पाय नको, हे खरेच. त्याला हवे ते वाहते पाणी, स्टीलचा ओटा, कापायला आणि विकायला वेगळा माणूस, बर्फाची पेटी. फिरत्या पुढाऱ्यांच्या स्वागतकमानीवर होणाऱ्या खर्चात नाक्यावरची चार दुकाने सुधारतील. शिरूर आणि दौंडच्या नगरपरिषदांनी निदान एवढे करावे: हद्दीतल्या किती चिकन सेंटरांकडे नोंदणी आहे, किती जणांकडे परवाना, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली आणि कोणी केली, ही यादी येत्या रविवारच्या आत कार्यालयाच्या दारावर लावावी. यादीच नसेल, तर तसे लिहून लावावे.