साडेसात लाख डॉलरची माफी

आज २८ नोव्हेंबर, महात्मा जोतीराव फुले यांचा स्मृतिदिन. लोणी-धामणीपासून ओतूर-जुन्नरपर्यंत शाळांत, ग्रामपंचायतींत तसबिरींना हार घातले जातील, दोन शब्द बोलले जातील आणि दुपारपर्यंत सगळं आटोपेल. त्याबद्दल तक्रार नाही. पण याच तारखेच्या आणखी एका मृत्यूविषयी आज लिहायचं आहे. सत्य शोधायचं तर नेमकं कोणाच्या कपाटाला हात घालावा लागतो, हे त्या मृत्यूइतकं उघडपणे फार थोड्या प्रकरणांत दिसतं.

साल १९५३. न्यूयॉर्कमध्ये पेन स्टेशनसमोर स्टॅटलर नावाचं मोठं हॉटेल होतं. पहाटे अडीचच्या सुमारास तिथल्या १०१८-ए क्रमांकाच्या खोलीची बंद खिडकी फुटली आणि डॉ. फ्रँक ओल्सन दहाव्या मजल्यावरून खाली फुटपाथवर येऊन पडले. रात्रपाळीचे व्यवस्थापक आर्मंड पास्तोरे धावत गेले, तेव्हा ओल्सन यांच्यात धुगधुगी होती. ते काही सांगू पाहत होते, पण ते कळायच्या आत गेले. खोलीत त्यांच्यासोबत रॉबर्ट लॅशब्रुक नावाचे गृहस्थ होते. पोलीस वर गेले, तर हे गृहस्थ स्वच्छतागृहात डोकं धरून बसलेले. सोबतचा माणूस खिडकीतून गेल्यावर ते खाली धावले नव्हते. त्यांनी एक फोन मात्र केला होता. हॉटेलच्या ऑपरेटर बाईंनी ऐकलेलं ते संभाषण दोन वाक्यांचं होतं: इकडून कळवलं की तो गेला, तिकडून उत्तर आलं की वाईट झालं. संपलं.

लॅशब्रुक हे सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे रसायनतज्ज्ञ होते. ओल्सन जीवाणूशास्त्रज्ञ. विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९३८ मध्ये डॉक्टरेट मिळवलेले आणि १९४३ पासून मेरीलँडमधल्या कॅम्प डेट्रिकमध्ये नोकरीला असलेले. कॅम्प डेट्रिक म्हणजे अमेरिकी लष्कराचं जंतुयुद्धाचं केंद्र, आणि ओल्सन यांचं काम होतं रोगजंतू हवेतून कसे पसरवता येतील हे शोधण्याचं. म्हणजे हा काही देवमाणूस नव्हता, हेही आधीच सांगून टाकू. पण बायको ॲलिस, तीन लहान मुलं, गावाबाहेर घर असा त्यांचा चारचौघांसारखा संसार होता.

त्या वर्षी १३ एप्रिलला सीआयएचे प्रमुख ॲलन डलेस यांनी एका गुप्त प्रकल्पाला मंजुरी दिली होती. नाव एमके-अल्ट्रा. माणसाच्या मनाचा ताबा औषधांनी घेता येतो का, कैद्याला बोलतं करता येतं का, हे तपासायचं होतं. कोरियाच्या युद्धात पकडलेल्या अमेरिकी सैनिकांचा चिन्यांनी 'ब्रेनवॉश' केल्याच्या बातम्यांनी वॉशिंग्टन हादरलं होतं, त्यातून हे सुचलेलं. सूत्रं सिडनी गॉटलिब या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. पुढे या प्रकल्पाचे १४९ उपप्रकल्प झाले आणि विद्यापीठं, इस्पितळं, तुरुंग धरून ८० संस्था त्यात ओढल्या गेल्या. त्यातल्या कित्येकांना पैसा कोणाचा हेही ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये गॉटलिब यांनी आपली माणसं आणि कॅम्प डेट्रिकची काही माणसं डीप क्रीक लेक इथल्या एका लाकडी बंगल्यात बैठकीला बोलावली. १९ तारखेला रात्री जेवणानंतर मद्याचे प्याले फिरले. मद्यात एलएसडी हे भ्रम निर्माण करणारं द्रव्य मिसळलेलं होतं. सुमारे वीस मिनिटांनी गॉटलिब यांनी पिणाऱ्यांना तसं सांगितलं. सांगितलं, विचारलं नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर याच अमेरिकनांनी न्यूरेंबर्गमध्ये नाझी डॉक्टरांवर खटला चालवला होता. माणसावर प्रयोग करायचा तर त्याची राजीखुशीची संमती हवी, हा नियम त्याच निकालपत्रात १९४७ साली लिहिला गेला. त्याची शाई वाळून सहा वर्षंच झाली होती.

घरी परतलेले ओल्सन वेगळेच होते. आपल्या हातून मोठी चूक झाली, एवढंच ते बायकोला सांगत राहिले. नोकरी सोडायची म्हणून वरिष्ठांकडे गेले. वरिष्ठांनी त्यांना 'उपचारासाठी' न्यूयॉर्कला नेलं, तेही डॉ. हॅरल्ड अब्रामसन यांच्याकडे. अब्रामसन ॲलर्जीचे डॉक्टर होते, मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत. पण एलएसडीवर त्यांनी काम केलं होतं आणि सीआयएचा त्यांच्यावर विश्वास होता. भ्रमिष्ट होत चाललेल्या माणसाला ॲलर्जीच्या डॉक्टरकडे का नेलं, याचं उत्तर त्यातच आलं. त्यानंतरची रात्र वर सांगितलीच आहे. घरच्यांना कळवलं गेलं की ते खिडकीतून पडले किंवा त्यांनी उडी घेतली. चेहरा पाहण्याजोगा राहिलेला नाही म्हणून पेटी बंद ठेवूनच अंत्यसंस्कार झाले.

मग बावीस वर्षं गप्प. जून १९७५ मध्ये सीआयएच्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या रॉकफेलर आयोगाचा अहवाल आला. त्यात नाव न घेता एक उल्लेख होता: लष्कराच्या एका कर्मचाऱ्याला नकळत एलएसडी देण्यात आलं आणि नंतर तो न्यूयॉर्कमध्ये इमारतीवरून पडून मेला. ॲलिस आणि मुलांनी तो वर्तमानपत्रात वाचला. कुटुंबाने पत्रकार परिषद घेतली, दावा लावणार असं जाहीर केलं. आणि मग चक्रं इतक्या वेगाने फिरली की बावीस वर्षांच्या सुस्तीनंतर तो वेग बघून आपणच चकित व्हावं. २१ जुलैला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी कुटुंबाला व्हाइट हाउसमध्ये बोलावून समक्ष माफी मागितली. सीआयएचे प्रमुख विल्यम कोल्बी यांनी कागदपत्रांचा गठ्ठा हातात दिला. पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने खास कायदा करून साडेसात लाख डॉलर मंजूर केले. आधी ठरले होते साडेबारा लाख. त्यातही घासाघीस झाली. बदल्यात कुटुंबाने सरकारविरुद्धचा दावा सोडला.

इतक्या घाईचं कारण पंचवीसेक वर्षांनी बाहेर आलं. त्या जुलैमध्ये व्हाइट हाउसमधले एक तरुण अधिकारी डिक चेनी यांनी आपले वरिष्ठ डोनाल्ड रम्सफेल्ड यांना एक टिपण पाठवलं होतं. प्रकरण कोर्टात किंवा संसदीय सुनावणीत गेलं, तर अत्यंत गोपनीय माहिती उघड करावी लागेल, असा इशारा त्यात होता. राष्ट्राध्यक्षांना मनापासून वाईट वाटलं नसेल असं आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्या कचेरीला त्या माफीने काय साधायचं होतं, ते कागदावर लिहिलेलं आहे.

थोरला मुलगा एरिक मात्र थांबला नाही. १९९४ मध्ये त्याने वडिलांचा देह उकरून काढून न्यायवैद्यक प्राध्यापक जेम्स स्टार्स यांच्याकडून तपासून घेतला. चेहऱ्यावर काचेच्या जखमा आढळल्या नाहीत, उलट डाव्या डोळ्याच्या वर, कानशिलाकडे रक्त साकळलेलं दिसलं. ती इजा खिडकीतून जाण्याआधीची असावी, असं स्टार्स यांचं मत पडलं आणि पुरावा खुनाकडे बोट दाखवतो, असं ते उघड बोलले. त्यानंतर मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनी चौकशी उघडली, पण आरोपपत्र कोणावरच झालं नाही. १९९७ मध्ये सीआयएने ग्वातेमालासंबंधी काही जुनी कागदपत्रं खुली केली. त्यात हत्या कशी करावी यावरची एक पुस्तिका होती. अपघात भासवायचा तर माणसाला उंचावरून कठीण जमिनीवर पाडणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग, असा सल्ला त्यात आहे. २०१२ मध्ये मुलांनी पुन्हा दावा लावला. २०१३ मध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी तो फेटाळला: मुदत उलटून गेली आहे, आणि १९७६ ची तडजोड आडवी येते.

ओल्सन यांना ढकललं का? आमच्या मते खून सिद्ध झालेला नाही, आणि आत्महत्याही झालेली नाही. या गूढाभोवती पुस्तकं आली, माहितीपट आले, नेटफ्लिक्सची 'वर्मवुड' मालिका आली. पण त्या खिडकीकडे टक लावून बसताना तळ्याकाठचा प्याला विसरला जातो. सरकारने स्वतः कबूल केलेली हकीकत तेवढी धरली, तरी एका माणसाला न सांगता विष पाजलं गेलं आणि नऊ दिवसांत तो मेला. यासाठी एकाही माणसाला शिक्षा झाली नाही. डलेस यांनी गॉटलिब यांना सौम्य शब्दांत समज देणारं पत्र दिलं, तेही सेवापुस्तकात नोंद न करता. गॉटलिब पुढे वीस वर्षं नोकरीत राहिले.

शेजारीच दुसरं प्रकरण ठेवून पाहावं. त्याच १९५३ च्या ८ जानेवारीला न्यूयॉर्कच्या सरकारी मानसोपचार संस्थेत हॅरल्ड ब्लाउअर हा टेनिसपटू मेला. नैराश्यावर उपचार घ्यायला आलेल्या या रुग्णाला लष्कराने पुरवलेलं मेस्कलीनच्या जातीचं द्रव्य टोचण्यात आलं होतं. त्याच्या वारसांनी खटला शेवटपर्यंत चालवला आणि १९८७ मध्ये न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी सुमारे सात लाख डॉलरची भरपाई देवविली. रक्कम जवळपास तेवढीच. पण इथे साक्षीपुरावे झाले आणि सरकारने काय केलं व कसं झाकलं, हे निकालपत्रात कायमचं नोंदलं गेलं. ओल्सन कुटुंबाला माफी मिळाली, पैसे मिळाले, निकालपत्र मिळालं नाही.

कागद उरलेच किती होते, हा आणखी एक प्रश्न. सीआयएचे त्या वेळचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांनी १९७३ मध्ये एमके-अल्ट्राच्या फायली नष्ट करवल्या. वाचली ती जमाखर्चाची सुमारे वीस हजार पानं, कारण ती दुसऱ्या इमारतीत चुकीच्या जागी पडलेली होती. १९७७ मध्ये माहितीच्या अधिकाराखालच्या अर्जामुळे ती सापडली. जगाला या प्रकल्पाबद्दल आज जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं एका कारकुनी गोंधळाचं देणं आहे.

हे सगळं तिकडचं, आपल्याला काय, असं म्हणायची सोय नाही. १९३० च्या दशकापासून पुढे दहाएक वर्षं ब्रिटनच्या पोर्टन डाउन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. गोऱ्या कातडीपेक्षा सावळ्या कातडीवर तो कमी-जास्त भाजतो का, हेही त्यांना पाहायचं होतं. स्वातंत्र्यानंतरही संशयाला जागा राहिली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या पक्षी-स्थलांतर अभ्यासाला अमेरिकी लष्कराचा पैसा होता. त्यावरून आणि दिल्लीच्या डासांवरील प्रयोगांवरून वादळ उठलं, आणि १९७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने परकीय सहभागाच्या संशोधनावर ताशेरे ओढले. पक्ष्यांना कडी घालणारे आपले अभ्यासक हेर नव्हते. पण पैसा कोणाचा आणि कशासाठी हे वेळीच सांगितलं नाही, की प्रामाणिक माणसालाही खुलासे देत फिरावं लागतं. २००९-१० मधलं एचपीव्ही लशीचं प्रकरण तर कालपरवाचं. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. पुढे झालेल्या मृत्यूंचा लशीशी संबंध नाही, असं चौकशी समितीने सांगितलं. तरी सह्यांचं काय, हे संसदीय समितीला २०१३ मध्ये कडक शब्दांत विचारावं लागलं.

प्रयोग वाईट असतात असं यातून काढायचं नाही. आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, वढूच्या परिसरात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने रोटाव्हायरसच्या देशी लशीची चाचणी घेतली. पुणे, दिल्ली आणि वेल्लोर मिळून ६,७९९ बाळं त्यात होती, आईबापांच्या लेखी संमतीने. आकडे जगापुढे छापून आले आणि आज ती लस सरकारी लसीकरणात आहे.

आपल्या भागात कोणी विहिरीत सापडला किंवा विषाने गेला, तर पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, मंचरला शवविच्छेदन होतं आणि 'व्हिसेरा राखून ठेवला' हे वाक्य घरच्यांच्या हातात पडतं. मग ते वर्षभर हेलपाटे घालतात. पण निदान कोणत्या दारात जायचं हे त्यांना माहीत असतं. मेलेला माणूस गुप्त खात्यात नोकरीला असेल तर दारच नाही. महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराची चळवळ ज्या राळेगणसिद्धीतून उभी राहिली, ते इथून फार लांब नाही. पण त्या २००५ च्या कायद्याच्या कलम २४ ने गुप्तचर यंत्रणांबरोबर डीआरडीओलाही सूट दिली आहे. भ्रष्टाचाराचा किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप असेल तरच माहिती मिळू शकते, आणि हक्कभंगाच्या बाबतीत तर केंद्रीय माहिती आयोगाची मान्यताही लागते. म्हणजे कागद बघायचा तर आधी आरोप करा, आणि आरोप करायचा तर हाताशी कागद हवा. सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा. सरकारी दप्तर बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, असं त्यात लिहिलं आहे. दहा हजारांत आज एखादा हेल्म्स बिचकेल, असं वाटत नाही.

१८८० च्या दशकात ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीवाचून लग्न लावलं. ग्रामजोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी दावा ठोकला, तेव्हा जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाची ही मंडळी मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेली आणि जिंकून आली. तडजोड करून गप्प बसायचा पर्याय त्यांनाही होताच.

तेव्हा मागणी अशी. कलम २४ मध्ये एक ओळ वाढवावी: सूट मिळालेल्या कोणत्याही संस्थेत सेवेत असताना संशयास्पद मृत्यू झाला, तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि खात्याचा अंतर्गत चौकशी अहवाल वारसाला आरोप न करताही मिळावा. आणि मदतीचा धनादेश देताना वारसाकडून दावा सोडल्याची सही घेऊ नये. संसदेचं हिवाळी अधिवेशन याच हंगामात भरतं. शिरूरच्या खासदारांनी हा प्रश्न तिथे विचारावा, उत्तर आम्ही छापू.